जुने भिंग, नवे यंत्र

रोलचा कॅमेरा मागे पडून आता बरीच वर्षे झाली. डहाणू, कासा, तलासरी या आपल्या टापूत ज्या घरांत फोटोचा धंदा किंवा हौस होती, तेथे तो कॅमेरा आज कपाटाच्या तळाशी नाही तर माळ्यावरच्या पेटीत पडून असतो. रोल सहजासहजी मिळत नाही, मिळाला तर धुऊन देणारा जवळपास नाही. मग घरातले लोक म्हणतात, "आता याचा काय उपयोग?" आणि दिवाळीच्या साफसफाईत तो भंगारवाल्याच्या काट्यावर चढतो. त्याच्याबरोबर त्याचे भिंगही वजनावर जाते. आमचे म्हणणे त्या भिंगाविषयी आहे. कॅमेऱ्याचे पोट बदलले, रोलच्या जागी विजेवर चालणारा सेन्सर आला. परंतु भिंगाचे काम बदललेले नाही. ज्याला ते काम समजले त्याला जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्यावर चढवून उत्तम चित्र घेता येते. ते कसे, कोठवर, आणि आपल्या भागात त्याचा उपयोग काय, एवढे येथे सांगावयाचे आहे.

कामगारांच्या सभा घेणाऱ्याने या विषयात का शिरावे, असे कोणी विचारील. यंत्रावर काम करणाऱ्या माणसांत वावरताना आम्ही एक गोष्ट वारंवार पाहिली आहे. नवे यंत्र आले की जुने हत्यार टाकाऊ ठरते, आणि ते चालविणाऱ्याच्या हातातले कसबही त्याबरोबर टाकाऊ ठरते. कधी ते हत्यार खरोखरच टाकाऊ झालेले असते. कधी ते केवळ तसे ठरविलेले असते. या दोहोंतला फरक ओळखावयाचा तर हत्यार काय काम करते ते आधी समजून घ्यावे लागते. जुनी लेन्स हे याचे चांगले उदाहरण आहे.

लेन्स म्हणजे धातूच्या नळकांड्यात एकामागे एक बसविलेली भिंगे. हाताने चालविण्याच्या जुन्या लेन्सवर दोन कडी असतात. एक कडे फिरविले की आतली भिंगे आट्यांवरून पुढेमागे सरकतात. दूरच्या डोंगराचे चित्र हवे तर भिंगे मागे, जवळच्या चेहऱ्याचे हवे तर पुढे. यालाच आपण फोकस म्हणतो. दुसरे कडे फिरविले की पोटातल्या पातळ पाकळ्या उघडतात किंवा मिटतात, आणि प्रकाशाला वाट देणारे भोक लहानमोठे होते. त्या कड्यावर २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६ असे आकडे कोरलेले असतात. ते गूढ वाटतात, पण हिशेब शाळकरी आहे. ५० मिलिमीटरच्या लेन्सचे भोक २५ मिलिमीटर रुंद असेल तर ५० भागिले २५, म्हणजे आकडा २. भोक साडेबारा मिलिमीटर असेल तर आकडा ४. रुंदी निम्मी झाली की क्षेत्रफळ चौथाई होते. म्हणून २ वरून ४ वर गेल्यास प्रकाश चौथाई येतो, आणि मधल्या २.८ वर निम्मा. आकडा जितका मोठा तितका प्रकाश कमी, एवढे ध्यानात ठेवले तरी काम भागते.

या सर्व व्यवहारात विजेचा संबंध कोठेच नाही. प्रकाश काचेतून वाकतो आणि मागे ठरावीक अंतरावर चित्र उमटवितो. ते चित्र झेलायला तेथे रोल आहे की सेन्सर, हे भिंगाला ठाऊक नसते. रोल करणारे पुष्कळ कारखाने गेले; आपल्या देशात उदकमंडलम येथे १९६० साली स्थापन झालेला हिंदुस्थान फोटो फिल्म्स हा सरकारी कारखानाही बंद पडला. पण त्या रोलपुढे बसणारी भिंगे आहेत तशीच आहेत.

मग जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्यावर सरळ का बसत नाही? अडचणी दोन आहेत. पहिली जोडणीची आणि दुसरी अंतराची.

जोडणी म्हणजे लेन्स ज्या आट्याने किंवा खाचेने कॅमेऱ्याला बसते ती जागा. १९४९ साली जर्मनीतील ड्रेस्डेन येथे बनलेल्या काँटॅक्स-एस या कॅमेऱ्यावर ४२ मिलिमीटर व्यासाचा, १ मिलिमीटर पिचचा आटा आला. पुढे पूर्व जर्मनीचा प्राक्टिका, जपानचा पेंटॅक्स आणि सोव्हिएत देशाचा झेनिट या सर्वांनी तोच आटा स्वीकारला. मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्क गावी कामगारांनी घडविलेली लेन्स त्यामुळे जपानी कॅमेऱ्यावरही बसू लागली. राजकारणातली भिंत या आट्याच्या आड आली नाही. उलट निकॉनने १९५९ साली आणि इतरांनी आपापल्या वेळी स्वतःच्या वेगळ्या खाचा काढल्या. तरी ही अडचण किरकोळ आहे. एका बाजूला जुना आटा आणि दुसऱ्या बाजूला नवी खाच असलेले धातूचे कडे मधे घातले की ती सुटते. या कड्याला बाजारात ॲडॉप्टर म्हणतात.

खरी अडचण अंतराची आहे. लेन्स जेथे टेकते तेथपासून रोलपर्यंतचे अंतर प्रत्येक पद्धतीत ठरलेले असते. आपण त्याला बैठकीचे अंतर म्हणू. ४२ मिलिमीटर आट्याच्या पद्धतीत ते ४५.४६ मिलिमीटर आहे, निकॉनच्या जुन्या पद्धतीत ४६.५, आणि कॅननच्या ईएफ पद्धतीत ४४. या कॅमेऱ्यांत लेन्सच्या मागे एक आरसा हलत असे, आणि त्याला जागा हवी म्हणून एवढे अंतर ठेवावे लागे. आता ४५.४६ ची लेन्स ४४ च्या कॅमेऱ्यावर बसवावयाची तर मधे १.४६ मिलिमीटर जागा उरते. तेवढ्या जाडीचा ॲडॉप्टर घातला की हिशेब जुळतो. पण तीच लेन्स निकॉनच्या आरशाच्या कॅमेऱ्यावर नेली तर ती आधीच १.०४ मिलिमीटर पुढे जाऊन बसते. एका मिलिमीटरने काय बिघडते, असे वाटेल. ५० मिलिमीटरच्या लेन्सचा हिशेब करून पाहिला तर सुमारे अडीच मीटरच्या पलीकडचे काहीही स्पष्ट दिसणार नाही. समोर बसलेल्या मुलाचा चेहरा येईल. महालक्ष्मीचा डोंगर येणार नाही.

आमच्या दृष्टीने या अंतराच्या कथेतला सर्वांत बोधप्रद भाग कॅननचा आहे. या कंपनीने १९८७ साली आपली जुनी एफडी पद्धत सोडली आणि नवी ईएफ पद्धत आणली. जुन्या पद्धतीचे बैठकीचे अंतर ४२ मिलिमीटर होते, नवीचे ४४. या दोन मिलिमीटरांमुळे, आणि वेगळ्या जोडणीमुळे, जुन्या लेन्स त्याच कंपनीच्या नव्या कॅमेऱ्यांवर नीट चालेनाशा झाल्या. मधे जादा काच घालून त्या बसविता येत, पण चित्राचा दर्जा उतरे. त्या लेन्सच्या काचेत दोष नव्हता, आटे झिजले नव्हते, पाकळ्या अडकल्या नव्हत्या. केवळ नव्या कॅमेऱ्याची बैठक बदलली, आणि चांगले हत्यार बाजारात कवडीमोल झाले.

पुढे २००८ सालापासून लेन्स बदलता येणारे, पण आरसा नसलेले डिजिटल कॅमेरे निघाले. आरसाच नाही म्हटल्यावर त्याच्यासाठी जागा ठेवण्याचे कारण उरले नाही. सोनीच्या अशा कॅमेऱ्यांत बैठकीचे अंतर १८ मिलिमीटर आहे, निकॉनच्या झेड पद्धतीत १६, कॅननच्या आरएफ पद्धतीत २०. म्हणजे ४२ मिलिमीटर आट्याची लेन्स सोनीवर बसविताना मधे २७.४६ मिलिमीटरची ऐसपैस जागा मिळते. निकॉनची जुनी लेन्स निकॉनच्याच झेड कॅमेऱ्यावर बसविताना ३०.५ मिलिमीटर मिळते. कॅननच्या टाकून दिलेल्या एफडी लेन्सही आता जादा काचेवाचून बसू लागल्या. वीस वर्षे निकामी म्हणून पडलेले हत्यार कोणी दुरुस्त न करता पुन्हा कामाचे झाले. ते निकामी झालेलेच नव्हते.

आता प्रत्यक्ष वापराकडे वळू. ॲडॉप्टरला लेन्स जोडून कॅमेऱ्यावर चढविली की पुष्कळ कॅमेरे शटर दाबू देत नाहीत. विजेची खूण न मिळाल्यामुळे लेन्स नाहीच असे ते समजतात. मेनूत 'लेन्स नसताना शटर' अशा अर्थाची सोय असते, ती सुरू करावी. कॅमेरा 'ए' किंवा 'एव्ही' या खुणेवर ठेवावा. मग भोक आपण कड्याने ठरवावयाचे आणि शटरचा वेग कॅमेरा ठरवितो. हाताचा कंप सावरण्याची योजना कॅमेऱ्याच्या पोटात असेल, तर लेन्स ५० ची की १३५ ची हे त्याला आकडा घालून सांगावे लागते. फोकस डोळ्याने करावयाचा. पडद्यावर चित्राचा एक तुकडा मोठा करून पाहता येतो. स्पष्ट झालेल्या कडा रंगवून दाखविण्याचीही सोय असते. रोलच्या कॅमेऱ्यात फोकस पारखणे याहून कठीण होते. म्हणजे जुन्या लेन्सचे काम नव्या यंत्राने सोपे केले आहे.

सेन्सरचा आकारही पाहावा. रोलवरचे चित्र ३६ बाय २४ मिलिमीटरचे असे. पुष्कळ डिजिटल कॅमेऱ्यांतला सेन्सर याहून लहान, साधारण २३.५ बाय १५.६ मिलिमीटरचा असतो. अशा कॅमेऱ्यावर ५० ची लेन्स ७५ सारखी वागते, म्हणजे चित्रात आजूबाजूचे कमी मावते. चेहऱ्याच्या चित्राला ते सोयीचे. लहान खोलीत मात्र अडचणीचे.

आपल्या भागातली तीन कामे उदाहरणादाखल घेऊ.

पहिले काम तारप्याच्या नाचाचे. नाच रंगात येतो तो दिवस मावळल्यावर. कॅमेऱ्याबरोबर मिळणाऱ्या साध्या झूम लेन्सचे भोक ५० मिलिमीटरच्या आसपास ५.६ च्या वर उघडत नाही. जुनी ५० ची लेन्स २ पर्यंत उघडते, म्हणजे आठपट प्रकाश देते. जेथे झूमला सेकंदाचा आठवा भाग लागेल तेथे हिला सुमारे साठावा भाग पुरतो. आठव्या भागात नाचणाऱ्याचा पाय पुसट होतो, साठाव्यात तो बराचसा ओळखू येतो. मात्र भोक २ वर असताना, तीन मीटरवर, स्पष्टतेची खोली जेमतेम चाळीस सेंटिमीटर असते. हलत्या माणसामागे फोकसचे कडे फिरवीत बसलात तर एकही चित्र साधणार नाही. पण तारप्याचा फेर वाजविणाऱ्याभोवती फिरतो, आणि फेरातला प्रत्येकजण एका ठरावीक जागेवरून जातो. त्या जागेवर आधीच फोकस करून ठेवावा आणि माणूस तेथे आला की बटण दाबावे. फोकस आपोआप करणारी यंत्रे निघण्यापूर्वी छायाचित्रकार असेच करीत.

दुसरे काम वारली चित्रांचे. गंजाडचे जिव्या सोमा म्हशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, आणि ही कला जगभर गेली. परंतु भिंतीवरची चित्रे पावसाने, धुराने आणि नव्या सारवणाने जातात, म्हणून त्यांची नोंद नीट व्हावयास हवी. येथे कॅमेऱ्याचे आपोआप चालणारे मोजमाप फसते. समोर जे असेल ते सरासरी करड्या उजेडाचे आहे असे तो धरून चालतो. गेरूची भिंत गडद असते. कॅमेरा ती उजळवितो, आणि तांदळाच्या पिठाच्या बारीक रेषा फुगून एकमेकींत मिसळतात. यासाठी एक पायरी प्रकाश कमी करावा. भोक ८ वर ठेवावे. बहुतेक जुन्या लेन्स तेथे कडेपर्यंत रेखीव चित्र देतात. कॅमेरा भिंतीला समांतर धरावा. आणि चित्र काढणारीला विचारून, तिचे नाव लिहून ठेवून मगच फोटो घ्यावा.

तिसरे काम आम्हाला सर्वांत निकडीचे वाटते. ते जुन्या निगेटिव्हचे. बंद झालेल्या स्टुडिओंच्या खोक्यांत आणि घरोघरच्या पत्र्याच्या डब्यांत लग्ने, मेळावे, शाळेचे वर्ग, गेलेली माणसे यांच्या निगेटिव्ह पडून आहेत. ज्यांच्या कुटुंबात एखाद्या माणसाचा एकुलता एकच फोटो काढला गेला, अशी घरे आपल्याकडे थोडी नाहीत. आपली हवा पावसाळ्यात इतकी दमट असते की निगेटिव्हवरच्या जिलेटिनवर बुरशी चढते आणि चित्र खाऊन टाकते. हे चित्र एकदा गेले की कोणत्याही यंत्राने परत येत नाही.

यावर उपाय हातातल्या ५० च्या लेन्सनेच होतो. लेन्स आणि कॅमेरा यांच्यामध्ये पोकळ नळ्या घातल्या की लेन्स आणखी पुढे जाते आणि अगदी जवळचे दिसू लागते. नळीची लांबी काढण्याचा हिशेब असा: चित्र किती पटीने उतरावयाचे तो आकडा गुणिले ५०. ३५ मिलिमीटर रोलची ३६ मिलिमीटर रुंद निगेटिव्ह २३.५ मिलिमीटरच्या सेन्सरवर मावण्यासाठी ०.६५ पट हवी, म्हणजे सुमारे ३२ मिलिमीटर नळी. ३६ मिलिमीटरच्या सेन्सरवर पूर्ण आकारात हवी तर ५० मिलिमीटर. आगफा क्लिक-थ्रीसारख्या घरगुती कॅमेऱ्याची निगेटिव्ह चौकोनी आणि मोठी असते. लहान सेन्सरला तिच्यासाठी १४ मिलिमीटर पुरे. निगेटिव्हची चकचकीत बाजू लेन्सकडे ठेवावी, म्हणजे डावे-उजवे बरोबर येते. खाली दुधी प्लॅस्टिकचा तुकडा आणि त्याखाली पांढरा उजेड. फोनचा पांढरा पडदाही चालतो, पण प्लॅस्टिक त्याच्यापासून चार बोटे वर धरावे, नाही तर पडद्याचे ठिपके चित्रात उतरतात. भोक ८ वर, कॅमेरा घट्ट बांधलेला, खोलीत अंधार. मिळालेले चित्र संगणकावर उलटे केले की काळ्याचे पांढरे होते. बुरशी लागलेली निगेटिव्ह पाण्याने धुऊ नये. बुरशीने सैल झालेले जिलेटिन पाण्यात विरघळून जाते. आधी नक्कल घ्यावी, मग बाकीचा विचार.

या कामाला फोकस आपोआप होण्याची गरज नाही, वेगाची नाही, महागड्या लेन्सची नाही. सपाट वस्तू, न हलणारा कॅमेरा आणि हाताने बारीक फिरणारे कडे एवढेच लागते. जुनी लेन्स येथे नवीच्या तोडीस तोड उतरते.

जुन्या लेन्सच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. धावणाऱ्या खेळाडूमागे किंवा पळत्या मुलामागे ती धावू शकत नाही. तेथे नवी लेन्सच बरी. जुन्या काचेवरचा लेप साधा असतो. समोरून ऊन आले की चित्र फिकट पडते, म्हणून पुढे टोपण लावावे किंवा तळहाताची सावली धरावी. भोक कितीवर होते याची नोंद कॅमेरा ठेवीत नाही, ती वहीत ठेवावी. ॲडॉप्टर स्वस्त असेल तर तो शतांश मिलिमीटरांनी चुकतो. दूरचा डोंगर मिळावा म्हणून करणारे तो मुद्दाम किंचित कमी जाडीचा ठेवतात. ५० च्या लेन्सला तो दशांश मिलिमीटर कमी असला तर कड्यावर २५ मीटर लिहिले आहे तेथेच क्षितिज स्पष्ट होते. तेव्हा कड्यावरच्या आकड्यांवर विसंबू नये, डोळ्याने पाहावे. आणखी एक इशारा: निकॉनच्या १९७७ पूर्वीच्या काही लेन्स निकॉनच्या नंतरच्या आरशाच्या कॅमेऱ्यांवर जबरदस्तीने बसविल्यास कॅमेऱ्याची खिट्टी मोडते. विचारल्याशिवाय बसवू नये.

लेन्स पारखताना ती उजेडाकडे धरून, मागून टॉर्च मारून पाहावी. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी होय. थोडी असेल तर जाणता कारागीर उघडून पुसतो; लेप खाल्ला गेला असेल तर डाग राहतो. पुढच्या काचेवरचा बारीक ओरखडा चित्रात सहसा दिसत नाही. मागच्या काचेवरचा अधिक बाधतो. पाकळ्यांवर तेल नसावे, कडी सारखी फिरावीत. १९६० आणि १९७० च्या दशकांतल्या काही लेन्सच्या काचेत थोरियम असे. ती काच वयाने पिवळी पडते, आणि अतिनील किरणांत काही दिवस ठेवली की पुष्कळशी निवळते. तिचा किरणोत्सर्ग मंद असतो. नेहमीच्या वापरात भिण्याचे कारण नाही, पण ती काच कधी घासू नये. कोणतीही लेन्स उन्हात उघडी टाकू नये. ती सूर्य एका बिंदूवर आणते आणि कापड पेटू शकते. लेन्स चामड्याच्या पिशवीत, बंद पेटीत ठेवणे हे बुरशीला आमंत्रण आहे. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवावी, पुड्या ओलसर झाल्या की तापवून सुकवाव्या, आणि महिन्यातून एकदा लेन्स काढून वापरावी.

या साऱ्यांतून एक गोष्ट लक्षात येईल. जुन्या लेन्सवर मनुष्य जे काम हाताने करतो, तेच काम नव्या लेन्समध्ये मोटार करते. काम नाहीसे झालेले नाही, ते झाकले गेले आहे. झाकलेले काम आपोआप होते तोवर सोयीचेच असते, आणि सोयीला आमचा विरोध नाही. परंतु ज्याला ते उघडून कळलेले असते, त्याला हत्यार कोणते टिकवावे आणि कोणते टाकावे याचा निर्णय दुकानदारावर सोपवावा लागत नाही. नवे घेणे परवडत नाही म्हणून जुने वापरा, असे आम्ही सुचवीत नाही. ज्या कारागिरांनी या काचा घासल्या आणि हे आटे कातले त्यांचे काम अजून संपलेले नाही, एवढेच आमचे म्हणणे आहे.

पावसाळा तोंडावर आहे. ज्यांच्या घरी जुना कॅमेरा असेल त्यांनी त्याची लेन्स काढून टॉर्चच्या उजेडात पाहावी. ज्यांच्या घरी निगेटिव्हचा डबा असेल त्यांनी तो उघडून कोरड्या जागी ठेवावा. शेजारच्या एखाद्या मुलाकडे डिजिटल कॅमेरा असतोच. डबा, लेन्स आणि कॅमेरा ही तीन घरे एका संध्याकाळी एकत्र आली, तर पाऊस सुरू होण्यापूर्वी पुष्कळ माणसांचे चेहरे वाचतील.